भिंगरीला पाठवायचं ठरलं

१२ फेब्रुवारी

पडदा जळाला. बाकी काही नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीचा पडदा, वरच्या कपाटाची कड आणि दुधाचं पातेलं. भिंगरीला काहीही झालेलं नाही. हे मी दिवसभरात इतक्या जणांना सांगितलं की आता पाठ झालंय.

भिंगरी म्हणजे आमची मुलगी. नऊ वर्षांची. हे नाव तिच्या बाबाने पाडलं, ती चालायला लागली तेव्हा. आज शाळेतून आल्यावर तिने दूध तापत ठेवलं आणि गॅलरीच्या भिंतीवर गोगलगाय दिसली म्हणून बघायला गेली. गोगलगाय वर पोचेपर्यंत तिथेच बसली. धूर शेजारच्या आजोबांना दिसला. त्यांनी दार ठोठावून ठोठावून हात सुजवून घेतला. दार उघडल्यावर ही त्यांना म्हणाली, "आजोबा, गोगलगाईला दात असतात का?"

मी कारखान्यातून धावत आले. तेव्हा आग विझली होती, फरशीभर पाणी होतं आणि भिंगरी स्टुलावर पाय वर घेऊन बसली होती. मी ओरडायला हवं होतं, नाहीतर तिला पोटाशी धरायला हवं होतं. मी फरशी पुसायला घेतली. फडकं पिळताना लक्षात आलं की मला काहीच वाटत नाहीये. दाढ काढताना सुई देतात, मग ओठ असतो पण आपला नसतो, तसं.

१४ फेब्रुवारी

वर्गबाईंनी बोलावलं होतं. "मुलगी गुणाची आहे हो," म्हणाल्या, "पण वर्गात असून नसते." दहा गणितं दिली तर तीन करते, तिन्ही बरोबर, आणि मग नजर खिडकीतून बाहेर. दंगा करत नाही, त्यामुळे त्यांनीही इतके दिवस मनावर घेतलं नाही. मग त्यांनी हरवलेल्या वस्तूंचा पाढा वाचला. डबे, पेन्सिली, स्वेटर, एक बूट. एकच बूट हरवून माणूस घरी येतो कसा, हे मला अजून समजलेलं नाही. शेवटी त्यांनी मुलांच्या मनाच्या एका डॉक्टरचा पत्ता दिला.

माझं स्वतःचं काम लक्ष देण्याचंच आहे, हे मी बाईंना सांगितलं नाही. लाज वाटली असती, पण तीही नीट वाटेना. काचकारखान्यात औषधाच्या बाटल्या पट्ट्यावरून सरकत येतात, मागे दिव्याची पांढरी पाटी असते, आणि त्या उजेडात बुडबुडा, चीर, खडा दिसला की बाटली उचलून टोपलीत टाकायची. नव्या मुलींना मीच शिकवते. तिथे एक नियम आहे. घंटा झाली की पाटीसमोरून उठायचं आणि खोकी भरायला जायचं, दुसरी बाई आपल्या जागी येते. कितीही पट्टीची असली तरी उठायचं. पहिल्या वर्षी मला याचा राग यायचा.

१७ फेब्रुवारी

ताईंचा फोन. ताई म्हणजे माझी मोठी नणंद. लांबच्या एका निवासी शाळेत मुलींचं वसतिगृह सांभाळतात. पडद्याची बातमी त्यांच्यापर्यंत पोचलीच होती.

"अगं, माझ्याकडे दे पाठवून. वर्षभरात सुतासारखी सरळ करते. असले शंभर नग बघितलेत मी." मग म्हणाल्या, "तुझा नवरा तरी काय होता? जेवताना चारदा उठायचा. वडिलांनी नेऊन ठेवला काकांकडे, दोन वर्षं. परत आला तेव्हा तोंडातून शब्द फुटत नव्हता, इतका शहाणा झाला होता."

फोन स्पीकरवर होता. नवरा हसला, नळ गळतोय म्हणाला आणि उठून गेला. तो नळ त्याने गेल्या महिन्यातही उघडला होता. त्याची रबरं अजून वाटीत आहेत. बैठकीच्या खोलीची अर्धी भिंत दोन वर्षांपूर्वी रंगवली, उरलेली अर्धी तशीच आहे. पाहुण्यांना आम्ही सांगतो की हीच पद्धत आहे. चाव्या रोज शोधतो, रोज मी काढून देते. मात्र गाडीत बसला की दुसराच माणूस. पार्सलचा ट्रक चालवतो. आजवर एक वळण चुकलेला नाही, एक आरसा घासलेला नाही. लांबचा माल कंपनी त्यालाच देते. म्हणजे मनात आणलं तर जमतं. भिंगरीचंही तसंच असणार, मनात आणत नाही.

२१ फेब्रुवारी

डॉक्टर. बाई आहेत, माझ्याच वयाच्या. भिंगरीला त्यांनी ठोकळे दिले, चित्रं दाखवली, गोष्ट अर्धी सांगून पुढची विचारली. मग तिला बाहेर बसवून आमच्याशी बोलल्या.

"लक्ष कमी नाहीये तिच्याकडे. उलट सगळीकडे आहे. ते कुठे ठेवायचं आणि कुठून काढायचं, हे ठरवणारा मेंदूतला भाग सावकाश तयार होतोय. वयाने नऊ, पण त्या बाबतीत सहा-सात वर्षांची समजा."

"गोगलगाय तर तासभर बघत बसली," मी म्हटलं.

"तेच तर. गोगलगाय तिला धरून ठेवते, दूध धरून ठेवत नाही. कंटाळवाण्या गोष्टीकडे आपण मन ओढून आणतो. तिला तेच ओढून आणताना दमायला होतं. हट्ट नाही हा, आळसही नाही. आवडीच्या कामात जमतं म्हणून सगळीकडे जमेल, असं होत नाही."

नवरा तोवर दोनदा उठून गाडी नीट लावलीये का बघून आला होता. बसला की पाय हलवायचा, टेबलावरच्या ग्लासातलं पाणी थरथरायचं. डॉक्टर त्या ग्लासाकडे बघत होत्या.

"घरात लहानपणी असं आणखी कोणी होतं का?"

"नाही," मी म्हटलं. माझ्यामागून नवराही नाही म्हणाला.

"बऱ्याचदा ते घराण्यातून येतं. उंचीसारखं."

"मग उंचीचंही बघा डॉक्टर," नवरा म्हणाला. "तिथेही बोंबच आहे आमची."

डॉक्टर हसल्या. मीही हसले, तोंडाने. त्या म्हणाल्या की अजून भेटी लागतील, शाळेशी बोलावं लागेल. एका वेळी एकच गोष्ट सांगा, छोटी छोटी कामं द्या, मध्ये उठू द्या. आईबापांसाठी शनिवारी वर्ग असतो, त्याला या. गोळ्यांचा विचार नंतर, घाई नाही. निघताना म्हणाल्या, "मुली गप्प बसतात, त्यामुळे उशिरा कळतं. तोवर स्वतःबद्दल फार वाईट ऐकून झालेलं असतं त्यांचं."

२२ फेब्रुवारी

सकाळपासून कारणं शोधतेय. पोटात होती तेव्हा मी रात्रपाळ्या केल्या. एकदा खाटेवरून पडली होती. तिला पाळणाघरात टाकून मी लवकर कामावर गेले. मोबाइल दिला. गोड फार दिलं. न राहवून जेवणाच्या सुट्टीत डॉक्टरांना फोन केला आणि सगळं सांगितलं. त्या शांतपणे ऐकून म्हणाल्या, "यातल्या कशानेही नाही झालेलं. तुम्ही काही केलंत म्हणून झालं, असं नाहीये हे."

हायसं वाटायला हवं होतं. नाही वाटलं. दोष द्यायला कोणीतरी हवं होतं, मी स्वतःही चालले असते.

२५ फेब्रुवारी

मला एक सुचलं. नव्या मुलींचं लक्ष मी तयार करते, तर पोटच्या पोरीचं का नाही? सुपरवायझरला विचारून टाकाऊ बाटल्यांची पिशवी घरी आणली. त्यात काही चांगल्याही घातल्या. टेबलावर पांढरा कागद उभा केला, मागे दिवा ठेवला आणि भिंगरीला म्हटलं, वाईट कुठल्या ते सांग.

तिने सगळ्या पकडल्या. नव्या मुलींना आठवडाभर दिसत नाहीत असे बुडबुडेसुद्धा. "आई, ह्यात मासा आहे. आणि ह्यात ना, लहानसा चंद्र आहे, पण तो बुडतोय." वाईट बाटल्या तिने खिडकीत ओळीने मांडल्या. मी म्हटलं, त्या टोपलीत जातात. ती म्हणाली, "पण ह्यांच्यात तर काहीतरी आहे."

खूप बरं वाटायला हवं होतं. थोडं वाटलंही.

२८ फेब्रुवारी

आज पिशवी मोठी आणली. डॉक्टर म्हणतात छोटी कामं द्या, पण छोट्या कामाने मोठी सवय कशी लागणार? सगळ्या बाटल्या संपल्याशिवाय उठायचं नाही, असं बजावून सांगितलं. आधी ती खुर्चीत इकडेतिकडे झाली, मग पायावर बसली, मग पाणी मागितलं, मग शू लागली म्हणाली. मी म्हटलं, संपव आधी. मग ती गप्प झाली आणि एकेक बाटली भराभर उजवीकडे सरकवायला लागली.

"सगळ्या चांगल्या आहेत," म्हणाली. बघतसुद्धा नव्हती. बोटभर चिरा होत्या त्यांच्यात. मी सगळ्या परत पिशवीत ओतल्या आणि पहिल्यापासून करायला लावल्या. रडली नाही. शेवटी शेवटी तर जागची हललीही नाही. जमतंय.

४ मार्च

भिंगरी बरीच शांत झालीय. जेवताना एकदाही उठली नाही. मुंगी नाही, विमान नाही, "दात असतात का" नाही. नवऱ्याने विचारलं, "हिला बरं नाहीये का?"

"सुधारतेय," मी म्हटलं.

तो ताट तसंच ठेवून गाडी धुवायला गेला. गाडी कालच धुतली होती.

७ मार्च

कारखान्यात घंटा बिघडली. कोणाच्या लक्षात आलं नाही, आम्ही पाटीसमोर बसूनच राहिलो. दुपारी सुपरवायझर एक बाटली घेऊन आले. गळ्यापासून बुडापर्यंत चीर होती आणि ती माझ्या हाताखालून गेली होती. तशा बऱ्याच गेल्या होत्या.

"मी बघत होते हो," मी म्हटलं. "खरंच बघत होते."

"बघत होतात, दिसत नव्हतं. माणसाचा डोळा आहे बाई, किती वेळ चालणार? घंटा नाही झाली तर उठून सांगायचं." त्यांनी मला चहा पाजला आणि खोकी भरायला पाठवलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा असं झालं, आणि रागाचा एक शब्द बोलले नाहीत.

घरी येऊन भिंगरीला बाटल्यांसमोर बसवलं. पण माझंच डोकं दुखत होतं, म्हणून लवकर उठू दिलं. उठल्यावर ती कुठेच गेली नाही. खुर्चीशेजारी उभी राहिली.

१० मार्च

शाळेने काल कळवलं की याच वर्गात आणखी एक वर्ष काढावं लागेल. ताई स्वतः आल्या, भिंगरीसाठी नवी रजई घेऊन. त्यांचा जीव आहे पोरीवर, हे मी नाकारणार नाही. म्हणाल्या, "वर्ष वाया घालवण्यापेक्षा माझ्याकडे येऊ दे. तुम्ही दोघं दिवसभर बाहेर. परत आग लागली तर?" नवऱ्याकडे बघितलं. तो रजईची शिवण उसवत होता, बोटाने.

"तू बोल ना काहीतरी," मी म्हटलं.

"तुम्ही ठरवाल ते," म्हणाला.

ठरलं. पुढच्या रविवारी सोडायला जायचं. ताई आनंदात परत गेल्या.

संध्याकाळी भिंगरीला विचारलं, "जाशील ना आत्याकडे?"

"हो," म्हणाली. थोड्या वेळाने तिनेच विचारलं, "तिकडे पडदे आहेत का?"

असतील, मी म्हटलं. ती विचार करत बसली. पडद्यांचं काय सुचलं कोण जाणे.

१४ मार्च

डॉक्टरांच्या पुढच्या भेटी रद्द करायला फोन केला. वाटलं होतं मदतनीस उचलेल, त्यांनी स्वतःच उचलला. सगळं ऐकून घेतलं. "निर्णय तुमचा आहे. मी एवढंच म्हणेन, शिस्तीने उंची वाढत नाही. वाकून चालायची सवय मात्र लागते." मी बरं म्हटलं. फोन ठेवल्यावर पट्ट्यासमोर जाऊन बसले. बाटल्या येत होत्या, जात होत्या.

१६ मार्च

बॅग भरली. प्रत्येक कपड्यावर तिच्या नावाची पट्टी शिवली, मोज्यांवरसुद्धा, म्हणजे एकच मोजा हरवला तरी कळेल कोणाचा. भिंगरी शेजारी बसून सुया देत होती. एकही हरवली नाही. मधेच म्हणाली, "आई, तिथे मला सकाळी कोण उठवणार?"

"घंटा असते."

"अच्छा," म्हणाली.

नवऱ्याला आज चाव्या सापडेनात. मी म्हटलं, समोर खिळ्याला लटकतायत. तो तिथेच बघत होता, तरी म्हणाला, कुठे?

मला अजूनही काही वाटत नाहीये. एवढं सगळं आवरेपर्यंत असंच राहिलं तर बरं.

१७ मार्च

लिहून ठेवते, नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

सकाळी निघालो. नवऱ्याने मित्राची मोटार आणली होती. मी पुढे, भिंगरी मागे, शेजारी बॅग आणि ताईंची रजई. तिने केस स्वतः विंचरले होते, भांग वाकडा होता. नवऱ्याचा एरवी हलणारा पाय गाडीत हलत नाही, तसा आजही हलत नव्हता. दोन्ही हात स्टिअरिंगवर, नजर रस्त्यावर.

शाळेच्या वळणाची पाटी मोठी आहे. निळी, पांढऱ्या अक्षरांची. मला ती लांबूनच दिसली. काहीतरी लांबून दिसणं हेच तर माझं काम आहे. मी नवऱ्याकडे बघितलं. गाडीचा वेग कमी झाला नाही. पाटी जवळ आली, माझ्या खिडकीवरून गेली आणि मागे पडली. मी तोंड उघडलं नाही. का, ते मला सांगता येणार नाही.

मागून भिंगरीचा आवाज आला. "बाबा, वळण गेलं."

तो सरळच चालवत राहिला.

"बाबा, शाळेचं वळण गेलं. निळी पाटी होती. मागे घ्यावी लागेल."

"लक्ष नव्हतं माझं," तो म्हणाला.

लग्नाला इतकी वर्षं झाली, गाडी चालवताना हे वाक्य मी त्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. पुढे एका गोदामाच्या भिंतीला लागून त्याने गाडी थांबवली. इंजिन बंद केलं. स्टिअरिंगवरचे हात काढले नाहीत. आणि काचेकडे बघतच बोलायला लागला, मला सांगत होता की तिला, ते कळलं नाही.

"काकांकडे ना, संध्याकाळ झाली की मी बूट घालून दाराशी बसायचो. जेवायला बोलवेपर्यंत. काकूला वाटायचं, पोरगं शिस्तीचं आहे, बूट घालून बसतं. मला वाटायचं कोणी न्यायला आलं आणि आपले बूटच सापडले नाहीत, तर ते थांबायचे नाहीत."

मी त्याची बायको. मला हे माहीत नव्हतं.

"मग आलं कोणी?" भिंगरीने विचारलं. ती पुढच्या दोन सीटांच्या मधून पुढे वाकली होती.

"नाही. दोन वर्षं झाल्यावर आले, ठरल्याप्रमाणे."

"तू सांगायचंस ना त्यांना, की मला घरी जायचंय."

"नाही सांगितलं कधी."

गोदामावरून कबुतरं उडाली, तरी भिंगरीने तिकडे बघितलं नाही. ती त्याच्याकडे बघत होती.

"मी पण नाही सांगितलं," ती म्हणाली.

माझ्या छातीत काहीतरी इतकं जोरात दुखलं की मी दाराची मूठ धरली. मागे वळले. वाकडा भांग, हनुवटीखाली घट्ट लावलेलं बटण, मांडीवर दोन्ही हात. परत मागे सरकून अजिबात न हलता बसली होती. मी शिकवल्यासारखी.

"आता सांग," मी म्हटलं.

तिने सांगितलं. एका दमात नाही, मधेच थांबून, मधेच रजईचा धागा ओढत, पण सगळं सांगितलं. पडदा मी नाही जाळला, तो माझं लक्ष नसताना जळला, असं म्हणाली. तिथले पडदेही जळतील म्हणून भीती वाटते म्हणाली. बाटल्या नको म्हणाली. मला घरी राहायचंय म्हणाली. मी रडत होते आणि मला थांबता येत नव्हतं, थांबायचं नव्हतंही.

ताईंचा फोन आला तेव्हा तो मी उचलला आणि भिंगरी येत नाही म्हणून सांगितलं. त्या खूप बोलल्या, मी ऐकून घेतलं. मग नवऱ्याने गाडी घराकडे वळवली.